मकातीच्या जुन्या गावठाणातील पायी सहल : एका बडोदेकराचा अभिप्राय

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता मनिलाला भाचीकडे गेलो होतो. तिने शेजारच्या मकाती शहरातील पोब्लासिओन या भागाच्या तीन तासांच्या पायी सहलीत आमची नावे आधीच नोंदवून ठेवली होती. गुजरातेतील अनेक मुले आता फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेतात. त्यांना भेटायला जाणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

मकाती म्हटले की बँका आणि काचेचे मनोरे डोळ्यांसमोर येतात; पण हे शहर मुळात पासिग नदीकाठच्या एका गावाभोवती वाढले आणि पोब्लासिओन हे त्याचे गावठाण आहे. येथील जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे चर्च 1620 सालचे असून त्यातील संत पीटरच्या नावावरून गावाला सान पेद्रो मकाती म्हणत. 1914 मध्ये नाव केवळ मकाती असे झाले. तेथील तागालोग भाषेत ‘काती’ म्हणजे ओहोटी. गावाचे नाव विचारणाऱ्या स्पॅनिश सरदाराला लोकांनी ओसरणाऱ्या पाण्याबद्दलचे उत्तर दिले, अशी दंतकथा आहे. जेझुइटांना हाकलल्यानंतर त्यांच्याकडील येथल्या जमिनीचे मालक बदलत गेले आणि 1851 मध्ये ती रोखास घराण्याने विकत घेतली. त्याच जमिनीवर 1937 मध्ये विमानतळ सुरू झाला आणि महायुद्धानंतर त्याच्या धावपट्ट्यांचे आयाला अ‍ॅव्हेन्यू व पासेओ दे रोखास हे रस्ते झाले. मार्गदर्शक ताईंनी चर्चच्या पायरीवर हाताने काढलेला नकाशा उलगडून त्या धावपट्ट्यांवरून बोट फिरवले, तेव्हा आदल्या दिवशी आपण टॅक्सीने जिथून गेलो तो रस्ता इतका सरळ का, हे मला एकदम उमगले.

1918 साली बांधलेल्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. ते चांगले आहे, परंतु मला अधिक मोलाचे वाटले ते बारांगायचे कार्यालय. बारांगाय हा फिलिपिन्समधील राज्यकारभाराचा सर्वांत लहान घटक. बेटांवर आलेल्या जुन्या लोकांच्या होडीला ‘बालांगाय’ म्हणत, त्यावरून हा शब्द आल्याचे मानतात. निवडून आलेला प्रमुख आणि सात सदस्य मोहल्ल्याचा कारभार पाहतात. प्रमुखाला सगळे नुसते ‘काप’ म्हणतात. एकाच शहरात राहणाऱ्या दोघांचे किरकोळ भांडण असेल, तर न्यायालयात जाण्याआधी ते येथे आणावेच लागते. ही व्यवस्था 1978 पासून कायद्यात आहे. काप पंधरा दिवस समेटाचा प्रयत्न करतो, तो फसला तर तिघांचे मंडळ बसते, आणि वकिलांना आत प्रवेश नसतो. ज्या खोलीत हे चालते तेथे एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि तक्रारींची जाडजूड नोंदवही होती. आमच्या दांडिया बाजारात नळाच्या पाण्यावरून झालेले भांडण वर्षानुवर्षे कोर्टात कुजताना मी पाहिले आहे, त्यामुळे त्या टेबलापाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

पुढे एका सारी-सारी दुकानापाशी थांबलो. घराच्याच खिडकीला लोखंडी जाळी, जाळीला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, आणि जाळीतून हात बाहेर येईल एवढी चौकट. इथे अंडे एकच मिळते, व्हिनेगर लागेल तेवढेच मिळते. या सुट्या विक्रीला ‘तिंगी’ म्हणतात. दुकानदार आजींच्या हाताशी उधारीची वही होती. शाळेतून आलेल्या एका मुलाने त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आपल्याकडील वाकून नमस्काराची आठवण काढली, आणि ताईंनी ती आजींना समजावून सांगितली. 29 जूनचा ग्रामदैवताचा, म्हणजे संत पीटरचा, सण चार दिवसांवर आला होता आणि गल्लीभर डोक्यावर रंगीत पताका लागल्या होत्या. सणाला अनोळखी माणसालाही जेवायला बसवतात, असे आजी म्हणाल्या. शाकाहारी माणसाची येथे पंचाईत होते. मात्र आम्हाला तुरोन मिळाले. केळ्यासोबत फणसाची पातळ पट्टी घालून पापुद्र्यात गुंडाळायची आणि साखरेवर खरपूस तळायची. गरमागरम खाल्ले, तर वरची साखर दाताखाली कुडकुडते.

उणिवा सांगायलाच हव्यात. चौदा जणांच्या गटात मागच्यांना ताईंचा आवाज ऐकू येत नव्हता. शेवटचा पाऊण तास रात्रीच्या मद्यगृहांच्या रस्त्यावर गेला, तो नदीकाठी घालवला असता तर बरे झाले असते. माणशी 900 पेसो मला योग्य वाटले, कारण ताई त्याच गल्लीत वाढलेल्या होत्या आणि प्रत्येक दारातून त्यांना कोणीतरी हाक मारत होते. तांबेकरांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहायला बडोद्यात पाहुणे येतात, पण शेजारच्या गल्लीत कोण राहत होते आणि पंक्ती कुठे बसत, हे सांगणारा असा माणूस त्यांना भेटत नाही, याची मला खंत वाटते.

रविवारी बारांगायचे कार्यालय बंद असते, म्हणून मधल्या वारची दुपारी तीनची सहल घ्यावी आणि जूनमध्ये गेल्यास छत्री बरोबर ठेवावी.