स्लॅबमधली तीन कार्डं आणि मुंबईचा एक पावसाळा

फेब्रुवारीत माझी तीन जुनी पोकेमॉन कार्डं ग्रेड होऊन, म्हणजे कंपनीकडून तपासून, दहापैकी गुण घेऊन आणि स्लॅबमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या बंद डबीत) बसून, घरी आली. आता ऑक्टोबर. लालबागच्या आमच्या खोलीत, अख्खा पावसाळा काढून झालाय, म्हणून लिहितोय.

ज्याच्यामार्फत पाठवली त्यानं चार महिने सांगितले होते, लागले सात. कुरिअर, कस्टम सगळं धरून एक बरा मिक्सर आला असता, असं बायको अजून ऐकवते.

निकाल: एक १०, एक ९, एक ७. सातानं डोकं उठवलं. भिंगातून मला ते कार्ड चकाचक दिसत होतं आणि लेबलवर नुसता आकडा, कारण नाही. शेवटी खिडकीशी तिरकं धरलं तेव्हा होलोवर (कार्डाच्या चमचमत्या भागावर) केसाएवढी रेघ सापडली. बेकेट या ग्रेडिंग कंपनीनं १९९९ मध्ये सेंटरिंग (छपाई मधोमध आहे का), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग असे चार वेगळे गुण द्यायला सुरुवात केली, ती लोकांना का आवडली असेल हे तेव्हा कळलं. मार्क कुठं कापले ते तरी दिसतं!

पीएसए ही ग्रेडिंग कंपनी १९९१ मध्ये आली. त्याआधी 'निअर मिंट' (जवळपास नव्यासारखं) म्हणजे बहुतेकदा विकणारा म्हणेल ते. तरी आकडा ब्रह्मवाक्य मानू नका. पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड, होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं टी-२०६ मालिकेतलं, ८ गुण घेऊन मिरवत होतं. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्यानं २०१३ मध्ये दिली. शिवाय पीएसएचे साडेआठसारखे अर्ध्या गुणाचे ग्रेड आले २००८ मध्ये. त्यामुळे जुन्या लेबलवरच्या ८ मध्ये आजचा साडेआठही लपलेला असू शकतो. लोक जुने स्लॅब फोडून पुन्हा पाठवतात ते याच आशेवर. विकत घेताना लेबल कुठल्या काळातलं आहे तेही बघा.

आता दमटपणा. जुलैत पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्हमधली माझी सुटी होलो कार्डं पापडासारखी वळली. स्लॅबमधली सरळ राहिली, पण स्लॅब हवाबंद नसतो, म्हणून ती स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. चरे पडलेत, पण ते प्लॅस्टिकवर.

विकायचं असेल किंवा कार्ड खरं की खोटं ही शंका असेल, तर ग्रेडिंग करा. नुसत्या हौसेला टॉपलोडर (वरून उघडं, कडक प्लॅस्टिकचं पाकीट) पुरे.

सातवालं कार्ड भाच्याला खेळायला हवंय. स्लॅब फोडायला पक्कड काढून ठेवलीय.