स्पॉटफायरचे नोड लावताना: एकच दणकट की दोन मध्यम?

स्पॉटफायरचा, म्हणजे डेटाचे आलेख-डॅशबोर्ड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर उभा झालाय, डेटाबेस जोडलाय, ॲडमिन पेज उघडतंय आणि आता वेब प्लेअर (डॅशबोर्डची फाइल ब्राउझरमध्ये उघडून देणारी सर्व्हिस) न् ऑटोमेशन सर्व्हिसेस (ठरलेल्या वेळी आपोआप जॉब चालवणारी) कुठे बसवायच्या यावर गाडी अडलीय, अशा माणसासाठी हे लिहितोय. पर्याय तसे बरेच मांडता येतात पण बजेट बघितलं की शेवटी दोनच उरतात. एकतर २५६ जीबी रॅमचं एक दणकट मशीन घ्या, त्यावर एक नोड मॅनेजर (मशीनवरच्या सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम, तो बसला की ते मशीन म्हणजे नोड) टाका आणि सगळ्या सर्व्हिसेस त्यावरच चालवा. नाहीतर १२८ जीबीची दोन मशीन घ्या आणि काम वाटून द्या. मी आधी एका मोठ्यावर होतो, आता दोनवर आहे. परत मोठ्यावर जाईन असं वाटत नाही, पण मोठा नोड वाईट असतो असंही नाही, काही ठिकाणी तोच बरोबर बसतो, ते पुढे येईलच.

इन्स्टॉलेशनच्या बाबतीत फरक जवळजवळ नाहीच. इन्स्टॉलर चालवा, सर्व्हरचं नाव द्या, ९०८० आणि ९४४३ ही पोर्ट ठेवा, नोड आपणहून सर्व्हरला ट्रस्ट, म्हणजे जोडून घ्यायची मान्यता, मागतो आणि ॲडमिन पेजवर अनट्रस्टेडच्या यादीत दिसायला लागतो. तिथे ट्रस्ट दिला की सर्व्हिस बसवायची, तिला ९५०१ पासून पुढचं पोर्ट द्यायचं, झालं. दोन नोड म्हणजे हेच दोनदा. मशीन जास्त असतील तर नोड मॅनेजरच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या डीफॉल्ट फाइलमध्ये सर्व्हिसेस आधीच लिहून ठेवता येतात, मग ट्रस्ट मिळाला की त्या आपोआप बसतात, पण दोन मशीनसाठी एवढा खटाटोप मी केला नाही. वेळ जातो तो फायरवॉलमध्ये, कारण नेटवर्कवाले ९४४३ उघडून देतात आणि ९५०१ राहून जातं, मग नोड हिरवा दिसतो आणि फाइल काही उघडत नाही. अजून एक, इन्स्टॉलर मशीनची नावं विचारतो तिथे सर्व्हरवरून खरोखर रिझॉल्व्ह होतं तेच नाव ठेवा, सर्व्हरवर बसून आधी एनएसलुकअप (नावावरून पत्ता शोधणारी कमांड) मारून बघा, नंतर बदलायचं म्हणजे प्रॉपर्टीज फाइल, ट्रस्ट, सगळंच परत.

आता मोठ्या नोडची खरी जमेची बाजू, मेमरी. वेब प्लेअर फाइलमध्ये लोड केलेला डेटा रॅममध्ये घेऊन बसतो, पण एकाच इन्स्टन्सवर (सर्व्हिसची एक चालू प्रत) तीच फाइल दहा लोकांनी उघडली तर डेटा दहादा लोड होत नाही, तो शेअर होतो. त्यामुळे वीस जीबी खाणारी फाइल मोठ्या नोडवर एका इन्स्टन्सला वीसच खाते, आणि दोन नोडवर ठेवली तर दोन्हीकडे वीस-वीस. हा तोटा खरा आहे आणि दोन नोड घेताना लोक तो हिशोबात धरत नाहीत. (मोठ्या नोडवर चार इन्स्टन्स टाकून बसणारेही बघितलेत. तसं केलं तर मोठ्या नोडचा हा फायदा तुम्हीच घालवता. एका नोडवर वेब प्लेअरचा एकच इन्स्टन्स ठेवा, तसंच कारण असेल तरच वाढवा.) दोन नोडवर यावर उपाय असा की शेड्युल्ड अपडेटच्या (ठरलेल्या वेळी फाइल आधीच मेमरीत भरून ठेवायच्या) नियमात ती फाइल किती इन्स्टन्सवर लोड करायची तो आकडा देता येतो. जड फाइलला तिथे एकच ठेवायचा, रोज सगळे उघडतात त्या हलक्या फाइलींना दोन. एवढं केलं की मेमरीचा तोटा बराच आटोक्यात येतो, पूर्ण जात नाही.

आमच्याकडे निर्णय झाला तो मेमरीवरून नाहीच, झाला तो रीस्टार्टवरून.

मोठ्या नोडवर दर महिन्याला विंडोजचा पॅच यायचा, म्हणजे रीबूट. मध्येच डेव्हलपर मंडळी नवीन एक्स्टेन्शन द्यायची, ते पॅकेज डिप्लॉयमेंट एरियात, म्हणजे सर्व्हरवरच्या पॅकेजांच्या जागेत, टाकलं की ॲडमिन पेजवर सर्व्हिसपुढे अपडेट आलंय असं दिसतं, ते बटण दाबलं की इन्स्टन्स रीस्टार्ट. एकच नोड असला की रीस्टार्ट म्हणजे सगळे बाहेर. ज्याचं सेशन उघडं आहे त्याचं तुटणार, त्यामुळे प्रत्येक वेळी मेल पाठवा, मॅनेजरची परवानगी घ्या, रात्रीची वेळ ठरवा. बरं रात्री करूनही सुटका नाही. इन्स्टन्स वर आला की तो रिकामा असतो, शेड्युल्ड अपडेटमधल्या सगळ्या फाइली त्याला पहिल्यापासून मेमरीत ओढायच्या असतात, त्या सगळ्या एकाच वेळी त्याच डेटाबेसकडे धावतात, आणि त्यातल्या एखाद्या फाइलची क्वेरी अडकली की बाकीच्याही मागे पडतात. सकाळी लोक आले की शेड्युलिंग अँड राउटिंगच्या पानावर निम्म्या ओळींपुढे लोडिंगच दिसतंय आणि फोन चालू, स्पॉटफायर स्लो आहे, स्पॉटफायर स्लो आहे. स्लो काही नव्हतं, फाइल अजून भरतच होती, पण हे फोनवर कुणाकुणाला सांगणार.

यातून झालं असं की आम्ही अपडेट टाळायला लागलो. दोन लाइनीचा बदल असला तरी "पुढच्या पॅचबरोबर करू". हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ज्या सिस्टीमला हात लावायला आपण घाबरतो ती हळूहळू जुनी होत जाते आणि मग एकदम मोठी उडी मारावी लागते.

दोन नोड झाल्यावर रीत सोपी झाली. राउटिंगचे नियम (कुणाची, कुठली फाइल कुठे उघडायची ते ठरवणारे) आदल्या दिवशी दुसऱ्या नोडच्या रिसोर्स पूलकडे, म्हणजे तिथल्या इन्स्टन्सच्या गटाकडे, वळवायचे, पहिल्यावरचे लोक आपापले उठून जातात, मॉनिटरिंगच्या पानावर तिथली उघडी सेशन किती उरली ते दिसतं, मग भर दुपारी अपडेट करायचं, फाइली भरल्या की नियम परत. अपडेट बिघडलं तर त्याच पानावर रोलबॅक आहे आणि तोपर्यंत दुसरा नोड जुन्या व्हर्जनवर चालूच असतो. मी काही स्टॉपवॉच लावून मोजलं नाही, पण सकाळचे ते फोन बंद झाले एवढं नक्की.

दुसरा मुद्दा ऑटोमेशन सर्व्हिसेसचा. रात्रीचे पीडीएफ, मेल, एक्स्पोर्ट, यातलं प्रत्येक जॉब फाइल स्वतः उघडतं आणि मेमरी वेगळी खातं. एकाच मशीनवर असलं की वेब प्लेअरला तेवढी जागा कमी दिसते, त्याचं स्टेटस ओकेवरून स्ट्रेन्डवर (ताण आलेला) जातं, अजून वाढलं की एक्झॉस्टेड (पार दमलेला), आणि एक्झॉस्टेड झाला की सर्व्हर नवीन लोकांना तिकडे पाठवतच नाही. महिनाअखेरीला हे हमखास, कारण जॉबही तेव्हाच जास्त आणि बघणारेही तेव्हाच. दोन नोडमध्ये ऑटोमेशन एकाच नोडवर ठेवली, आणि त्या नोडच्या पूलकडे गर्दीची फाइल पाठवायची नाही एवढा नियम केला. पायथॉन किंवा आर सर्व्हिस वापरत असाल तर त्यांनाही हेच लागू, कुणाची स्क्रिप्ट कधी फुगेल सांगता येत नाही.

आता दोन नोडचा जाच. सर्व्हिसेस ॲडमिन पेजवरून अपडेट होतात, पण खुद्द नोड मॅनेजरची मोठी नवीन आवृत्ती साधारणपणे प्रत्येक मशीनवर जाऊन टाकावी लागते. लॉग दोन ठिकाणी बघायचे. राउटिंगचे नियम वरून खाली क्रमाने लागतात, त्यामुळे कुणीतरी सर्वसाधारण नियम वर सरकवला की खालचे खास नियम नुसते शोभेला राहतात, हे शोधायला डोकं खर्च होतं. आणि एक नोड खरंच पडला तर सगळा भार दुसऱ्यावर, तेव्हा दोन्ही नोड ऐंशी टक्के भरून चालवत असाल तर दोन असून उपयोग नाही. आमच्याकडे म्हणून दर तिमाहीला जुन्या फाइलींची साफसफाई करावी लागते, मोठ्या नोडवर एवढी घाई नव्हती.

एकच मोठा कुणी घ्यावा? तुमची एकच अवाढव्य फाइल असेल, म्हणजे एकटीच शंभर जीबीच्या आसपास जाणारी, तर मध्यम नोडवर तिच्याशिवाय बाकी कशाला जागाच उरत नाही, तिथे वाद संपला. बघणारे पंधरा-वीस असतील, एकाच टीमचे, आणि संध्याकाळी सातनंतर कुणी ढुंकून बघत नसेल, तरीही मोठा चालेल, उगाच दोन मशीन सांभाळू नका. वेब प्लेअर आयआयएसवर (विंडोजचा वेब सर्व्हर) बसायचा तेव्हापासूनचे लोक, म्हणजे स्पॉटफायर ७.५ आवृत्तीच्या आधीचे, सवयीने एका मोठ्या मशीनकडे झुकतात असं मला दिसलंय. तेवढ्या एका कारणासाठी मात्र घेऊ नका, नोडची ही रचना आल्यापासून मशीन वाढवणं खूप सोपं झालंय.

बाकीच्यांना, म्हणजे दोन-तीन विभागांचे लोक दिवसभर बघतायत आणि महिन्यातून एकदोनदा पॅकेज बदलतंय अशांना, मी तरी दोनच सांगेन. आधीच मोठं मशीन घेतलं असेल तर ते टाकून द्यायची गरज नाही. नोडची यादी, ट्रस्ट, सर्व्हिसचं कॉन्फिगरेशन सगळं सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असतं, नोडवर जपून ठेवावं असं फारसं काही नसतं. त्यामुळे एखादं ६४ जीबीचं मशीन मागून बघा, त्यावर आधी फक्त ऑटोमेशन हलवा आणि एक महिनाअखेर जाऊ द्या. मोठ्याचं स्टेटस तेव्हा ओकेवर टिकतंय का ते बघा, मग त्याच लहान नोडवर वेब प्लेअर टाकून दोन-चार हलक्या फाइली वळवा आणि पुढचा पॅच दुपारी करून बघा. फक्त फायरवॉलच्या रिक्वेस्टमध्ये ९५०१ बरोबर ९५०२ पण आत्ताच लिहून टाका, दुसऱ्या सर्व्हिससाठी परत रांगेत उभं राहायला लागायला नको.