मामाची सीजे-३बी: अकरा महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

मामाची जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायचं काम संपलं त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, पण मुद्दाम थांबलो. रंग ताजा असताना सगळंच छान दिसतं. मुंबईत जुन्या गाडीवर केलेलं काम टिकतंय का, हे पावसाळाच सांगतो. तो आता काढून झालाय, मीटरवर पाच हजार शंभर किलोमीटर पडलेत, म्हणून आता लिहितोय.

गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९७४ ची, पेट्रोल. माझ्या मामाची. कलिन्याला त्याच्या घरासमोर उभी असायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं आणि जीप सीटपर्यंत बुडाली. मामाने इंजिन तेवढं उघडून साफ करून घेतलं. नंतर त्याचे गुडघे गेले आणि गाडी उभी ती उभीच राहिली. अठरा वर्षांनी आम्ही ती टो करून मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये आणली, तेव्हा आईने बॉनेटला हळद-कुंकू लावलं.

हे मॉडेल माहीत नसेल तर थोडं सांगतो. बॉनेट इतकं उंच दिसतं त्याचं कारण आतलं हरिकेन इंजिन. २२०० सीसीचं, चार सिलिंडरचं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये बसतात. त्यामुळे इंजिन आधीच्या जीपपेक्षा उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेटही वर न्यावं लागलं. मूळ विलिसचं डिझाइन १९५३ चं, अमेरिकेत ते १९६८ ला बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्राने त्यानंतरही कित्येक वर्षं बनवलं. म्हणूनच सुटे भाग आजही मिळतात. मला बहुतेक सगळं ऑपेरा हाउसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळालं.

सोसायटीची परवानगी अटींवर मिळाली. वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग आवारात नाही, रात्री आठनंतर ठोकाठोक नाही, फरशीवर तेल नाही. म्हणून पत्र्याचं काम भांडुपला एका गॅरेजमध्ये झालं आणि पाना चालवण्याचं सगळं काम मी शनिवार-रविवारी घरी केलं. चौदा महिने लागले.

चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मोकळी केली तो दिवस विसरणार नाही. मागच्या क्रॉस मेंबरचा (आडव्या पट्टीचा) बोल्ट सुटला तशी भोकातून आधी तपकिरी भुकटी गळली आणि मग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यावर दमट चिखलाचा गोळा बाहेर आला. त्यात नखाएवढा एक शंख होता. मामा शेजारी स्टुलावर बसून बघत होता. त्याने गोळा हातात घेतला, बोटांनी चुरला आणि म्हणाला, "अरे, ही तर मिठी." पाणी बाहेर जायची भोकं त्या चिखलाने बुजली होती. पुढच्या प्रत्येक पावसाचं पाणी आत साठत गेलं आणि चेसिस आतून गंजत गेली. बाहेरून रंग बराच शाबूत होता.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच की भोकं आधी मोकळी करा, रंगाचं नंतर बघा. चेसिसची आणि फ्लोअरखालच्या चॅनलची सगळी भोकं मी तारेने साफ केली, गंज काढून एपॉक्सी प्रायमर मारला आणि पोकळीत आतून मेणाचा स्प्रे मारला. गॅरेजवाला खालून सरसकट डांबराचं कोटिंग मारा म्हणत होता. मी नको म्हणालो. खाली गंज राहिला असेल तर डांबर ओल कोंडून धरतं आणि पत्रा आपल्या नजरेआड सडतो. ऑक्टोबरमध्ये गाडीखाली झोपून टॉर्चने सगळं पाहिलं. चेसिस स्वच्छ आहे. गंज दोनच ठिकाणी फुटलाय, बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागच्या उजव्या चाकाच्या वर, जिथे दोन पत्रे एकावर एक येतात. त्या जोडात सीलंट भरायला हवं होतं.

आता ब्रेक. एवढा पैसा आणि वेळ दुसऱ्या कशावरच गेला नाही, आणि त्याचं समाधानही तेवढंच आहे. मूळ गाडीत चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. म्हणजे कुठल्याही चाकातला एक व्हील सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. शिवाय मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) पेडलजवळ फ्लोअरच्या खाली, रस्त्यावरचं सगळं पाणी अंगावर घेणारा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि इथे तर जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. मी पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या, मागचे ड्रम ठेवले, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बूस्टरसह (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवतो तो) वर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर घेतला. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून बूस्टरला लागणारं व्हॅक्यूम थेट मिळतं. डिझेल जीपवाल्यांना त्यासाठी वेगळा पंप लागतो, हे लक्षात ठेवा.

यात पहिल्याच महिन्यात एक घोळ झाला. ठाण्याहून परत येताना गाडी ओढत नाहीशी वाटली आणि जळका वास यायला लागला. आनंदनगर नाक्याच्या अलीकडे थांबून पुढच्या चाकाच्या मध्याशी, हबजवळ हात नेला तर चटका बसेल एवढी आंच. मास्टर सिलिंडर ज्याने विकला त्याने ड्रमसाठीचा दिला होता. ड्रमच्या मास्टरमध्ये तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपमध्ये थोडं प्रेशर कायम धरून ठेवतो. ड्रममध्ये स्प्रिंगा असल्याने ते चालतं. डिस्कला ओढून घेणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे पॅड घासतच राहतात. पुढच्या लाइनचा व्हॉल्व्ह काढून टाकला, त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. विकत घेताना हे विचारूनच घ्या.

जुलैमध्ये गांधी मार्केटजवळ हबपर्यंत पाण्यातून जावं लागलं. बाहेर आल्यावर पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हा काळजात धस्स झालं होतं, पण पुढचे ब्रेक लगेच लागले. डिस्कवरचं पाणी चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत झटकलं जातं. मागचे ड्रम मात्र हलका ब्रेक धरून बरंच अंतर चालवल्यावर सुकले. चारही ड्रम असते तर पुढच्या सिग्नलला काय झालं असतं याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो.

त्याच दिवसामुळे दुसऱ्या एका स्वस्त कामाचं मोल कळलं. गरम झालेलं डिफरन्शियल (चाकांच्या मधला गिअरचा गोळा) अचानक पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधासारखं होतं. मी दोन्ही ब्रीदरना रबरी पाइप जोडून वर बॉडीपर्यंत नेले होते. सगळे मिळून चारशे रुपये. पावसाळ्यानंतर ऑइल काढून पाहिलं, मधासारखं स्वच्छ होतं.

वायरिंग पूर्ण नवं केलं आणि बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून अल्टरनेटर लावला. डायनामो आयडलला जवळजवळ चार्ज देत नाही. सायनच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून तासभर उभं राहायचं तर अल्टरनेटरच हवा. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकले होते, ते काढले. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा प्रकाश विखुरतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि पावसात रस्ता दिसतच नाही. साधे हॅलोजन आणि चांगले रिले, एवढं पुरेसं आहे.

टायरची चूक माझीच. दिसायला छान म्हणून रुंद टायर घेतले. स्टिअरिंग इतकं जड झालं की पार्किंगमध्ये खांदे भरून यायचे, आणि साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगल्यासारखी व्हायची. मेमध्ये परत मूळ मापाचे ६.००-१६ चे अरुंद टायर घातले. पाणी कापत जाते, स्टिअरिंग हलकं. स्टिअरिंगचा खेळ कमी करायला पॉवर स्टिअरिंगची गरज नाही. पुढे मधोमध असलेल्या, स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या बेल क्रँकचं बेअरिंग बदललं आणि चाक हलायच्या आधी तीन बोटं फिरणारं स्टिअरिंग अर्ध्या बोटावर आलं.

पेट्रोलचा विषय गंभीर आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. चौथ्या महिन्यात गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) गेला, मग कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायला लागला. टाकी सीटखाली असल्याने पेट्रोलचा वास आला की मी तिथल्या तिथे गाडी बंद करतो. सगळे होज इथेनॉल चालणारे घातलेत. दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. अ‍ॅव्हरेज आठ-नऊचं.

गिअरबॉक्स मूळचाच, तीन गिअरचा. पहिल्याला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून देणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवून किंवा डबल क्लच करूनच, म्हणजे क्लच दोनदा दाबून, पडतो. हायवेवर साठच्या वर इंजिन ओरडतं. पाच गिअरचा बसवा असं अनेकांनी सुचवलं. मी बसवणार नाही. माळशेजला चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ही गाडी ज्या शांतपणे ओढते, ते मला हवंय.

कागदपत्रांचं थोडक्यात: पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी, आणि रोज चालवता येत नाही. म्हणून मी साधीच नोंदणी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतली, पर्यावरण कर भरून. इंजिन आणि रंग मूळचेच ठेवले, बॉडीच्या मापांना हात लावला नाही, आणि ब्रेकचं काम पासिंगच्या आधीच आरटीओत विचारून घेतलं.

एकूण खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, त्यात ब्रेकचाच पाऊण लाख.

मामा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. क्लच जड आहे, त्यामुळे तो चालवत नाही, शेजारी बसतो. बॅटरीच्या ट्रेचं काम या रविवारी काढलंय. सीलंट आणून ठेवलंय आणि त्याने सकाळी आठला यायचं कबूल केलंय.