नवे पात्र कुठे जन्माला घालावे: लॉस सांतोस, एओर्झिया की अझरॉथ?

ऑनलाइन खेळात नवे पात्र घेऊन त्याची भूमिका, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘आरपी’, करायची असे ठरले की पुढचा प्रश्न ती कोणत्या जगात करायची हा असतो. गेली काही वर्षे मी तीन ठिकाणी पात्रे चालवतो आहे: जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) फाइव्हच्या फाइव्हएम सर्व्हरवर, जिथले शहर लॉस सांतोस; ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये, जिथले जग एओर्झिया; आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये, जिथले जग अझरॉथ. तिन्हींची तुलना करताना चित्रांचा देखणेपणा आणि लढाईचा थरार मी बाजूला ठेवले आहेत, कारण भूमिका करणाऱ्याला खरा फरक पडतो तो तिथे तोंडाने बोलावे लागते की बोटांनी लिहावे लागते याचा. पैसा, वेळ, पात्राची पूर्वकथा, चुका निस्तरण्याची सोय हे सगळे त्याच्या मागून येते.

बोलण्याचे जग म्हणजे फाइव्हएम. जीटीए फाइव्ह संगणकावर २०१५ मध्ये आला, त्यावर खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर उभे करू देणारे हे साधन तयार झाले, आणि ते बनवणारी मंडळी ऑगस्ट २०२३ मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने आपल्या पदरी घेतली. साधनाला पैसे पडत नाहीत. मूळ खेळाची अधिकृत प्रत मात्र संगणकावर हवी. शहर सगळीकडे बहुधा लॉस सांतोसच, पण कायदा प्रत्येक सर्व्हरचा निराळा. जे सर्व्हर भूमिकेबाबत गंभीर आहेत, तिथे आधी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर अर्ज भरावा लागतो, त्यात पात्राची पूर्वकथा लिहावी लागते, नंतर नियमांवर तोंडी मुलाखत होते आणि मग व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे प्रवेश मिळालेल्यांच्या यादीत, नाव येते. मुलाखतीतला हमखास प्रश्न असा: दोघांनी तुमच्यावर बंदुका रोखल्या आहेत आणि तुमच्याही कमरेला पिस्तूल आहे, तर काय कराल? ‘पिस्तूल काढून दोघांना उडवीन’ असे सांगणारा उमेदवार तिथेच गळतो, कारण आपल्या पात्राला स्वतःच्या जिवाची किंमत वाटली पाहिजे हा या खेळाचा पाया आहे. विनाकारण गोळी घालणे म्हणजे आरडीएम, गाडीखाली चिरडणे म्हणजे व्हीडीएम, आणि दुसऱ्या खेळाडूच्या स्ट्रीमवर, म्हणजे थेट प्रक्षेपणात, पाहिलेली माहिती पात्राला आपोआप कळली असे दाखवणे म्हणजे मेटागेमिंग. हे तीन शब्द पहिल्या दिवशी पाठ असावेत.

भारतीय सर्व्हरवर बहुतेक व्यवहार हिंदीत चालतो, आणि मराठी वळणाची हिंदी तिथे उणीव न ठरता पात्राला आयता रंग देते, असा माझा अनुभव आहे. माझे पात्र टोचनवाल्याचे होते, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारे. एका रात्री पोलिसाची भूमिका करणाऱ्या खेळाडूने माझा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबवला, कागद मागितले, आणि नेमका त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्ट्या देऊ लागला. समोरचा क्षणभर गप्प झाला आणि गंभीर आवाजात म्हणाला, “गाडी में क्या पक रहा है?” मी म्हणालो, “इंजन गरम है साहब.” त्याने टॉर्च मारून बॉनेट उघडायला लावले आणि पुढची दहा मिनिटे आम्ही दोघे त्या इंजिनाची तपासणी करत राहिलो. हे सुख लिहून खेळायच्या जगात मिळत नाही. पण विचार करायला उसंत मिळत नाही, घरात शांत कोपरा लागतो, आणि आवाज तुमचे वय व लिंग लपवू देत नाही. पुरुषाला स्त्रीपात्र करायचे असेल तर पंचाईत होते. आणि स्त्रीचा आवाज ऐकताच पात्र विसरून लगट करणारे महाभाग मी पाहिले आहेत. ज्यांना हे नको असेल, त्यांनी माझ्या मते सरळ लिहिण्याच्या जगाकडे वळावे.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण लॉस सांतोसलाही लागू आहे. नवे पात्र तिथे थोडी रोकड आणि एक फोन घेऊन उतरते आणि मिळेल ते काम धरते. काही सर्व्हर खऱ्या पैशाच्या देणगीवर रांगेत पुढचा नंबर देतात. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नये.

लिहिण्याच्या जगांपैकी नवख्याला मी आधी ‘फायनल फँटसी फोर्टीन’ सुचवतो. हा खेळ २०१० मध्ये आला आणि सपशेल आपटला. नाओकी योशिदा यांच्या दिग्दर्शनाखाली तो नव्याने बांधून २०१३ मध्ये पुन्हा आणला गेला, आणि जुन्या जगाचा शेवट कथेत सातवे महासंकट म्हणून गुंफला गेला. याचा भूमिका करणाऱ्याला मोठा उपयोग होतो. एओर्झियातल्या कोणत्याही अनोळखी पात्राला ‘संकट आले तेव्हा तू कुठे होतास?’ असे विचारता येते, आणि तुमच्याकडे त्याचे एवढे एक उत्तर तयार असले तरी निम्मी पूर्वकथा झाली म्हणायची. नावांचे शास्त्रही इथे विचारपूर्वक रचलेले आहे. रोएगाडिन वंशातल्या सी वुल्फ लोकांत आडनावाच्या जागी वडिलांचे नाव येते आणि त्याला मुलासाठी ‘सिन’, मुलीसाठी ‘विन’ जोडतात. खेळातल्या मर्लविब ब्लोफिसविन या पात्राचे नाव म्हणजे ब्लोफिसची मुलगी मर्लविब. मधले नाव वडिलांचे लावणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी सोय अशी की एकच पात्र सगळे पेशे शिकू शकते: आज भालाईत, उद्या वैद्य, परवा कोळी. पात्र कथेत बदलले तर ते मोडून नवे करावे लागत नाही. रूप किंवा वंश बदलायला फँटेशिया नावाचे औषध असते, आणि मुख्य कथेचा पहिला भाग संपवला की त्याची एक बाटली भेट मिळते. नावाशेजारी ‘भूमिका करत आहे’ असे चिन्ह लावता येते, त्यामुळे कोणाशी बोलावे हा संकोच उरत नाही. उत्तर अमेरिकेतल्या क्रिस्टल डेटा सेंटरवरचे बाल्मंग आणि मेटियस हे सर्व्हर यासाठी प्रसिद्ध आहेत. उल्दा नगरीतल्या क्विकसँड या खानावळीत उभे राहिलात की संवादाच्या पट्टीत कोणी पेला पुसतो आहे, कोणी ओल्या झग्याने दारातून आत येतो आहे, अशी वाक्ये एकामागून एक सरकताना दिसतात. ही वाक्ये इंग्रजीत असतात आणि सावकाश येतात. एका उत्तरासाठी तीन-चार मिनिटे थांबणे इथे सभ्यपणाचे समजले जाते. ज्याला थांबवत नाही, त्याचा इथे जीव रमणार नाही.

याची फुकट चाचणी ७० व्या लेव्हलपर्यंत आणि कालमर्यादेविना चालते. तिच्यातल्या अटी मात्र भूमिका करणाऱ्याला नेमक्या बोचतात: स्वतःहून कोणाला खासगी निरोप धाडता येत नाही, मोठ्याने ओरडून साऱ्या परिसराला ऐकवता येत नाही, फ्री कंपनीत, म्हणजे खेळाडूंच्या संघात, दाखल होता येत नाही. समोरासमोरचे बोलणे आणि हावभाव खुले असतात. अंदाज घ्यायला तेवढे पुरते. एकदा पूर्ण खेळ विकत घेतला की त्याच खात्यावर चाचणीकडे परत जाता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ तिन्हींत जुना, २००४ चा. भूमिकेसाठी कंपनीनेच राखून ठेवलेले सर्व्हर हा त्याचा विशेष. युरोपातला आर्जेंट डॉन आणि अमेरिकेतला मून गार्ड ही त्यांतली ठळक नावे. ‘टोटल आरपी थ्री’ हे अ‍ॅडऑन, म्हणजे खेळाला जोडायचे पूरक साधन, बसवले की समोरच्या पात्रावर क्लिक करून त्याचे वर्णन वाचता येते: गालावरचा व्रण, अंगाला येणारा तंबाखूचा वास, जे खेळाचे चित्र दाखवू शकत नाही ते सगळे. अलायन्स आणि होर्ड या दोन गटांच्या भाषा वेगळ्या आहेत, आणि शत्रूने टाइप केलेले तुम्हाला भलत्याच अक्षरांत दिसते. होर्डवाला हसण्याची खूण म्हणून ‘लोल’ (lol) लिहितो आणि अलायन्सवाल्याला ‘केक’ (kek) असे निरर्थक अक्षर दिसते. खाणाखुणांनी शत्रूशी तह करण्याचा प्रसंग यातूनच रंगतो. पण पात्राचा वर्ग, म्हणजे पेशा, एकदा निवडला की बदलत नाही, वंश बदलायला वेगळे पैसे पडतात, नाव एकाच शब्दात बसवावे लागते, आणि २० व्या लेव्हलनंतर वर्गणी भरावी लागते, जी अमेरिकेत महिना १४.९९ डॉलर आहे. शिवाय वीस वर्षांच्या इतिहासाचे ओझे असते. दहा हजार वर्षे जगलेला एल्फ करायला निघालेला नवखा जुन्या जाणत्यांपुढे पाच वाक्यांत उघडा पडतो. मून गार्डवरच्या गोल्डशायरच्या खानावळीची कीर्ती वेगळ्याच कारणाने आहे. अल्पवयीन खेळाडूंनी तिकडे फिरकू नये.

केवळ अक्षरांवर चालणारे खेळ याहून जुने आहेत. त्यांचा पहिला नमुना १९७८ मध्ये ब्रिटनच्या एसेक्स विद्यापीठात तयार झाला होता. १९९७ पासूनचा ‘अकेया’ आजही चालू आहे आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्या अंध खेळाडूंना तो उत्तम चालतो. इंग्रजी गद्यावर हुकमत असेल तरच तिथे जावे.

घड्याळाचा हिशेब बरेच जण विसरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मध्य युरोपात त्याच ऋतूत आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. म्हणून पुण्यात बसून सकाळी लवकर उठणाऱ्याला बाल्मंग झेपते, जागरण करणाऱ्याला आर्जेंट डॉन, आणि नऊ ते बारा एवढाच वेळ हातात असलेल्याला भारतीय फाइव्हएम सर्व्हर. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकाचा हिशेब अर्थातच उलटा आहे.

माझा कौल विचाराल तर असा: ज्याला गप्पांत रंगता येते आणि हजरजबाबीपणाची हौस आहे, त्याने टोचनवाला, रिक्षावाला, वकील असे साधे पात्र घेऊन लॉस सांतोसमध्ये उतरावे आणि गुंडगिरी निदान तीन महिने लांबणीवर टाकावी. ज्याला एकेक वाक्य घोळवून लिहायला आवडते, त्याने एओर्झियाची चाचणी उतरवून घ्यावी. वॉरक्राफ्टची निवड मी फक्त त्यालाच सांगेन, ज्याचे दोन-तीन मित्र तिथे आधीपासून आहेत. नाव मात्र आधी कागदावर लिहून, दोनदा मोठ्याने उच्चारून पाहावे. एओर्झिया आणि अझरॉथ या दोन्ही ठिकाणी ते नंतर बदलायचे तर पैसे मोजावे लागतात, आणि लॉस सांतोसमध्ये अ‍ॅडमिनची मनधरणी करावी लागते.