ब्युनोस आयर्स की साओ पाउलो?

दक्षिण अमेरिकेची एकच वारी जमणार असेल आणि हातात आठवडाभरच असेल, तर दोन शहरांत तीन-तीन दिवस वाटून घेऊ नका. अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स किंवा ब्राझीलमधलं साओ पाउलो, एकच निवडा. दोन्ही शहरं बाहेरून आलेल्यांनी घडवली, दोन्हीकडे इटालियन माणसं बोटी भरभरून उतरली. पण ब्युनोस आयर्सने आलेल्या सगळ्यांचा मिळून एक माणूस घडवला, आणि साओ पाउलोने ज्याला त्याला आपापली गल्ली दिली. तुम्हाला यातलं काय बघायचंय, त्यावर निवड करा.

ब्युनोस आयर्सचा माणूस स्वतःला 'पोर्तेन्यो' म्हणवतो, म्हणजे बंदरावरचा. तो तोंड उघडताच ओळखू येतो. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात हे कळल्यावर मराठी माणूस सुखावतो, पण इथे त्या 'तू'ऐवजी 'वोस' म्हणतात. कामाला 'त्राबाहो' न म्हणता 'लाबुरो' म्हणतील, थेट इटालियन 'लावोरो'वरून. अशा शब्दांची 'लुन्फार्दो' ही बोली टँगो या इथल्या जोडीनाचाच्या गाण्यांत ठासून भरलीय.

टँगोसाठी जेवणासकटच्या महागड्या खेळाला जाऊ नका, मिलोंगात जा. तिथे सामान्य माणसं नाचायला येतात. तीन-चार गाण्यांचा एक फेर झाला की मध्ये थोडं वेगळंच संगीत वाजतं आणि सगळे आपापल्या खुर्चीवर परततात. पुढच्या फेराचं आमंत्रण कुणी उठून जाऊन देत नाही. दालनाच्या या टोकाहून त्या टोकाला नजर जाते, मान किंचित हलते, आणि समोरचीने मान हलवली तर दोघं उठतात. नको असेल तर ती नुसती दुसरीकडे बघते. नकार मिळाला तरी चारचौघांत कुणाची मान खाली जात नाही. या शहराचा स्वभाव मला याच्याइतका दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

आणि गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायोत जाच. लष्करी राजवटीत (1976 ते 1983) बेपत्ता केलेल्या मुलांसाठी डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या आयांनी 1977 पासून या चौकात फेऱ्या घातल्या. आजही त्या परंपरेची फेरी निघते. तिथे फोटोची घाई करू नका, सोबत चार पावलं चाला.

साओ पाउलो असं समोर येऊन भेटत नाही. 2022 च्या जनगणनेत शहराची वस्ती 1 कोटी 14 लाखांवर होती. नजर जाईल तिथवर इमारती, पहिल्या दिवशी जीव दडपतो. होर्डिंग मात्र दिसत नाहीत, 2007 पासून लागू झालेल्या कायद्याने ती उतरवली. इथे शहर वाचायला थोडी तयारी लागते. लिबेर्दादे या वस्तीचंच बघा. 1908 साली 'कासातो मारू' जहाजातून पहिले 781 जपानी सांतोस बंदरात उतरले, बहुतेक कॉफीच्या मळ्यांवर राबायला. पुढे हा भाग जपानी म्हणून नावारूपाला आला. पण तिथल्या रस्त्यांवरच्या लाल खांबांच्या दिव्यांखाली आणखी एक थर आहे. गुलामगिरीच्या काळात फाशीचं मैदान इथेच होतं, आणि कृष्णवर्णीयांचा हा इतिहास पुसू नका म्हणून लोक आजही झगडतायत.

आठवडी बाजारात 'पास्तेल' खा: मैद्याची पातळ, कुरकुरीत, चौकोनी पुडी, आत चीज किंवा पामच्या झाडाचा कोवळा गाभा. सोबत उसाचा ताजा रस, अगदी आपल्या रसवंतीसारखा. शाकाहारी माणसाचं इथे बरं चालतं. भात आणि घेवडा घरोघरी रोजचा, फक्त घेवड्यात मांस आहे का ते विचारून घ्या. ब्युनोस आयर्समध्ये गोमांसाचाच थाट, तिथे पिझ्झा आणि मक्याच्या सारणाचं एम्पानादा (करंजीसारखा पदार्थ) यांवर भागवावं लागेल.

चित्रांची आवड असेल तर साओ पाउलोच. पाउलिस्ता रस्त्यावरच्या मास्प संग्रहालयात चित्रं भिंतीवर नाहीत, दालनाच्या मधोमध काचेच्या पट्ट्यांवर उभी आहेत. मागे गेलात की चित्राची पाठ दिसते. पुस्तकांची, पायी भटकण्याची, कॅफेत बसण्याची आवड असेल तर ब्युनोस आयर्स.

आठवड्यासाठी माझं मत ब्युनोस आयर्सला. महिनाभर राहणार असाल, किंवा तिथे ओळखीचं घर असेल, तर बेधडक साओ पाउलो. कुठेही गेलात तरी रविवार हाताशी ठेवा. तिकडे सान तेल्मोचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, इकडे पाउलिस्तावर गाड्या बंद करून रस्ता माणसांना मोकळा देतात. ब्युनोस आयर्सला बुधवारी पोचून सोमवारी निघालात, तर गुरुवारची फेरीही साधेल.