धाकट्या प्लिनीची पत्रे: दुसरा खंड आधी घ्यावा

लोएब क्लासिकल लायब्ररीच्या लाल बांधणीच्या आटोपशीर पुस्तकांत रोमन सिनेटर धाकट्या प्लिनीची पत्रे दोन खंडांत मिळतात. डाव्या पानावर मूळ लॅटिन आणि समोर बेटी रॅडिस यांचे इंग्रजी भाषांतर, अशी ही १९६९ची आवृत्ती आहे. रोमन सिनेटर आणि प्रांताधिकारी प्रत्यक्षात कारभार कसा हाकत असे, हे ज्याला पाहायचे आहे त्याने दुसरा खंड आधी घ्यावा.

पहिल्या नऊ भागांतली पत्रे प्लिनीने स्वतः निवडून प्रसिद्ध केली, आणि ते जाणवतेही. इ.स. ७९मध्ये वेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात त्याचा मामा गेला, त्याविषयी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेले पत्र अप्रतिमच आहे. एरवी मात्र हा गृहस्थ स्वतःच्या चांगुलपणावर बराच खूष दिसतो. दुसऱ्या खंडातल्या दहाव्या भागात तेवढी उसंत त्याला मिळत नाही. इ.स. १००मध्ये कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च पदावर गेलेल्या, पुढे रोममधल्या टायबर नदीच्या पात्राची आणि काठांची देखरेख केलेल्या या माणसाला इ.स. ११०च्या सुमारास सम्राट ट्राजनने बिथिनिया-पाँटस प्रांतात (आजच्या उत्तर तुर्कस्तानात) पाठवले, आणि तिथले हिशेब उघडताच त्याचा सूर बदलतो. तिथल्या निकोमीडिया शहराने पाण्याच्या कालव्यावर ३३,१८,००० सेस्टर्स (रोमन नाणी) खर्चून काम अर्धवट सोडले, मग दुसऱ्या कालव्यावर आणखी २,००,००० घालवून तोही टाकून दिला. नायकीया शहराचे नाट्यगृह एक कोटीहून अधिक खर्चूनही अपुरेच, शिवाय खचलेले आणि तडे गेलेले. निकोमीडियातल्या आगीनंतर प्लिनी १५० जणांचे अग्निशमन दल मागतो. अशा संघटनांचे लवकरच राजकीय टोळक्यांत रूपांतर होते, तेव्हा बंब-साहित्य तेवढे पुरवावे, असे ट्राजन कळवतो. ख्रिस्ती लोकांवरचे खटले कसे चालवावेत, असे विचारणारे प्रसिद्ध पत्रही इथेच आहे, आणि निनावी तक्रारी ग्राह्य धरू नयेत हे ट्राजनचे उत्तरही. जबाबदारी आपल्या अंगावर येऊ नये म्हणून वरिष्ठांकडे विचारणा करणारा अधिकारी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा पत्रव्यवहार विशेष रुचेल.

उणिवा आहेत. तळटिपा त्रोटक आहेत, त्यामुळे रोमन पदांची ओळख नसलेला वाचक अडखळतो. शिवाय याच खंडात ट्राजनची लांबलचक स्तुती करणारे भाषणही आहे. ते वाचताना माझा तरी धीर सुटला.

लॅटिन नको असेल तर याच भाषांतरकर्तीची १९६३ची पेंग्विन आवृत्ती पुरे. तिच्या एकाच पुस्तकात सर्व दहा भाग आहेत.