गाडी विकली कोणी? कागदावर तर डीलर नाहीच

सेकंड हँड गाडी घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात, टायर बघतात, बॉनेट उघडून कुणातरी जाणकाराला फोन लावतात. विकणारा म्हणून कागदावर नाव कोणाचं आहे, हे मात्र पैसे देऊन होईपर्यंत कोणी विचारत नाही. डीलरचा सगळा खेळ तिथेच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोडबंदर रोडवरच्या एका डीलरकडून आम्ही पेट्रोल हॅचबॅक घेतली. २०१८ चं मॉडेल, एमएच-०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, मीटरवर ४८ हजार किलोमीटर, किंमत ३ लाख ८५ हजार. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, नो फ्लड, इंजिन-गिअरबॉक्स गॅरंटी’. आरसीवर दुसऱ्या मालकाचं नाव, भिवंडीचा पत्ता. "ताई, मूळची डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय." त्या आवारातल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात, हे पुढे दुसऱ्या एका गिऱ्हाईकाकडून कळलं. नवऱ्याने पातलीपाड्यापर्यंत चालवून पाहिली. उत्तम चालली.

पावसाळा सुरू झाला आणि काचा मध्येच अडकायला लागल्या. मीटरवरचे दिवे लुकलुकायचे, एसी लावला की ओल्या मातीचा वास यायचा. एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मध्यरात्री हॉर्न आपोआप वाजायला लागला तो बॅटरीची वायर काढल्यावरच थांबला. वागळे इस्टेटमध्ये ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिले, पार रीळ संपेपर्यंत, एरवी कोणी ओढत नाही तितका. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी डागाची सरळ रेघ होती. "हे काय चहाचं नाय ताई. गाडी पाण्यात होती." मग सीटखालचे बोल्ट दाखवले, गंजून फुगलेले. फ्यूज बॉक्समधल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. स्टेपनीच्या खड्ड्यातलं अस्तर उचललं तर कोपऱ्यात सुकलेला गाळ, बोटांत घेतला तर गव्हाच्या पिठासारखा मऊ.

गाडी तोवर नवऱ्याच्या नावावर झाली होती, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जुनी नोंद काढून दिली. शेवटची नोंद ऑगस्ट २०२१ ची. चिपळूणहून टो करून आणली, दुरुस्तीचं एस्टिमेट काढलं, काम केलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं होतं, हे कोकणातल्या कोणाला सांगायला नको. आणि त्या नोंदीत किलोमीटर होते ६१ हजार. म्हणजे मीटरही मागे घेतलेला.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस धरते आणि मालकाला पैसे देऊन मोकळी होते. उरलेली गाडी लिलावात जाते. अशा बऱ्याच गाड्यांची आरसी रद्द होत नाही, जिवंत राहते. मग कोणीतरी वायरिंग वाळवतं, सीट धुतं, पॉलिश मारतं आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येते. कागदात एक खूण होती. २०२२ पासूनचा विमा फक्त थर्ड पार्टी होता. अवघ्या चार वर्षांच्या गाडीचा फुल इन्शुरन्स कोणी का काढला नाही, हा प्रश्न डीलरला विचारण्यासारखा असतो.

डीलरकडे गेलो तर सूर पूर्ण बदललेला. "आम्ही फक्त मध्यस्थ आहोत ताई. गाडी तुम्हाला मालकाने विकली." डिलिव्हरी नोट काढून पाहिली. विकणारा भिवंडीचा, घेणारा माझा नवरा, आणि डीलरचा पोरगा साक्षीदार! दुकानाचा शिक्का कुठेच नाही. बिल मागितलं होतं तेव्हा म्हणाला होता, "बिल घेतलंत तर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लागेल." हेही खोटं. जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही.

मग आम्ही भिवंडीच्या त्या माणसाला गाठलं. तो बिचारा चक्रावलाच. त्याने दीड वर्षापूर्वी गाडी याच डीलरला विकली होती, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून. डीलरने गाडी स्वतःच्या नावावर घेतलीच नाही, गिऱ्हाईक मिळेपर्यंत फॉर्म खणात ठेवले. (गाडी विकणाऱ्यांनीही हे वाचावं. मधल्या काळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.)

यावर नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरची. टोकन देण्याआधी या दोन गोष्टी दाखवायला सांगा. जो अधिकारपत्र दाखवत नाही, तो उद्या मध्यस्थच होणार.

पण मध्यस्थ म्हणून तो सुटतो असंही नाही. दलाली घेऊन गाडी मिळवून देणं ही सेवाच आहे आणि सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. दिशाभूल करणारी जाहिरात आणि बिल न देणं हे दोन्ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत बसतात. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही. ‘जशी आहे तशी’ असं लिहून घेतलं म्हणून गाडीत मुरलेला पूर धुतला जात नाही.

आमच्या हातात होतं ते असं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने स्वतः टाकलेलं ‘पाण्यातली नाही, लिहून देतो’, दुकानाच्या क्यूआरवर गेलेलं टोकन, भिवंडीवाल्याचं लेखी म्हणणं आणि सर्व्हिस सेंटरची नोंद. मामांनी एक बरं सांगितलं, वकील बघेपर्यंत काहीही बदलू नका. वायरिंग बदललं असतं तर दोष दाखवायला उरलाच नसता. बेल्ट, बोल्ट, गाळ, मीटर, सगळ्याचे फोटो काढले आणि ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घेतला.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, डीलरने उत्तरच दिलं नाही. मग वकिलाची नोटीस आणि त्यानंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. ती ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिथे आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षांची. समोरच्याला लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५.

नोटिशीनंतर त्याने चाळीस हजारांवर मिटवायचा निरोप पाठवला होता. आम्ही नाही म्हटलं. आता त्याचं लेखी म्हणणं आलंय. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय की या व्यवहाराशी आमचा काही संबंध नाही. चौथ्यात लिहिलंय की तक्रारदाराने आमच्या आवारात येऊन गाडी स्वतः चालवून, तपासून पसंत केली, त्यामुळे आता तक्रार चालणार नाही. तपासणीत दिसायला हवा होता असा दोष आणि सीट उचकटल्याशिवाय दिसतच नाही असा दोष, यात कायदा फरक करतो, असं आमच्या वकील बाईंनी सांगितलं. त्यांनी चौथ्या परिच्छेदाखाली लाल पेनाने रेघ मारून ठेवलीय. गाडी यांच्याच आवारात होती, हे आता यांनीच लिहून दिलंय.